एक किल्ली हरवली, दुसरी रुसली : अख्खा लॉकसेट बदलायचा की डुप्लिकेट करून घ्यायची?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांचा गोंधळ व्हायचा नाही. सांगलीच्या एकांनी वर्षभरापूर्वी २०१५ सालची सेकंड हँड हॅचबॅक घेतली. रिमोटची फ्लिप किल्ली आहे, म्हणजे बटण दाबलं की पातं बाहेर येतं ती; पुश बटण नाही. गाडीबरोबर दोन किल्ल्या मिळाल्या होत्या, त्यातली एक गेल्या महिन्यात गणपतीपुळ्याला समुद्रावर हरवली. उरलेली ‘कधी चालते, कधी नाही’. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात अख्खा लॉकसेट, म्हणजे इग्निशनची आणि दारांची सगळी कुलपं किल्ल्यांसकट बदला, वीसेक हजार येतील. बाजारातला चावीवाला म्हणतो, अडीच हजार द्या, अर्ध्या तासात करून देतो. आता कुणाचं ऐकायचं?

मी पुण्यात गाड्यांच्या किल्ल्यांचंच काम करतो. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे असेच दोन आकडे घेऊन येतात, आणि दोघांपैकी एक जण लुटतोय अशी त्यांची खात्री झालेली असते. बहुतेक वेळा तसं नसतं. ते दोघं दोन वेगळ्या कामांचे दर सांगत असतात, आणि आपल्याला नक्की कोणतं काम हवंय हे गाडीमालकाला कुणी विचारलेलंच नसतं.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. हातात आहे त्या किल्लीचं काय बिघडलंय हा पहिला. जी हरवली ती उद्या कुणाला सापडली तर ती व्यक्ती काय करू शकते, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत खिशात हात घालू नका.

फ्लिप किल्ली दिसते एक, पण तिच्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे लोखंडी पातं, जे दार उघडतं आणि इग्निशन फिरवतं. दुसरी रिमोटची सर्किट, जी सेलवर चालते आणि बटण दाबलं की दारं उघडते-लावते. तिसरी चिप. ही बोटाच्या नखापेक्षाही लहान असते, काही किल्ल्यांत काळी चौकोनी, काहींत काचेच्या नळीसारखी. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक कडं असतं. तुम्ही किल्ली फिरवली की ते कडं साधारण १२५ किलोहर्ट्झवर लहरी सोडतं, त्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच इंजिनाचा कंप्युटर पेट्रोल आणि स्पार्क चालू ठेवतो. यालाच इमोबिलायझर म्हणतात.

या तिन्ही वस्तू एकमेकींवर अवलंबून नाहीत. रिमोट मेला तरी गाडी चालू होते. चिप गेली तरी रिमोटने दारं मस्त उघडतात. म्हणून ‘किल्ली कधी चालते, कधी नाही’ एवढ्यावरून मला काहीच कळत नाही. दार उघडत नाही, किल्ली फिरत नाही, की इंजिन चालू होत नाही? हे तीन वेगळे आजार आहेत.

दार उघडत नसेल तर सुरुवात सेलपासून करा. बहुतेक फ्लिप किल्ल्यांत सीआर २०३२ किंवा त्याच्या जवळपासचा सेल असतो. या आकड्यांत मापच लिहिलेलं असतं : २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. ज्या किल्लीला २०३२ हवा तिच्यात दुकानदार पुष्कळदा २०२५ बसवून देतो. व्यास तोच असल्यामुळे तो बसतो, पण पाऊण मिलिमीटरभर सैल राहतो. मग किल्ली खिशात हलली की संपर्क तुटतो, आणि लोक म्हणतात ‘कालच सेल बदलला, तरी चालत नाही’. तुमच्या किल्लीत आत्ता कोणता सेल आहे आणि खाच्यावर कोणता नंबर कोरलाय ते एकदा उघडून बघा. नवा सेल ओळखीच्या कंपनीचा, सीलबंद पाकिटातला घ्या. घरात लहान मूल असेल तर जुना सेल तिथल्या तिथे कागदात गुंडाळून टाका. गिळलेला बटण सेल अन्ननलिका जाळतो, त्यात थट्टा नाही. सेल बदलल्यावर काही गाड्यांत रिमोट पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्याची पद्धत गाडीच्या पुस्तकात असते.

सेल बदलूनही बटण दहादा दाबल्यावर एकदा चालत असेल, तर बटणाखालचा छोटा स्विच झिजलाय किंवा त्याचा टाका सुटलाय. मोबाइल दुरुस्त करणारा चांगला माणूस हे काम शे-दोनशे रुपयांत करतो. त्यासाठी नवी किल्ली लागत नाही.

किल्ली फिरायलाच जड जात असेल, हलवत हलवत फिरवावी लागत असेल, तर पातं झिजलंय किंवा कुलपाच्या आतल्या पितळी पत्त्या झिजल्यात. यावर लोक शिवणयंत्राचं तेल सोडतात. कृपा करून नको. तेलाला धूळ चिकटते आणि आणखी काही महिन्यांनी कुलूप पार जाम होतं. तिथे ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते. झिजलेल्या पात्यावरून डुप्लिकेट कापून घ्याल तर ती झीज नव्या किल्लीतही जशीच्या तशी उतरते. नवी किल्ली कापायची ती मूळ नंबरावरून. गाडी नवी घेताना किल्ल्यांबरोबर एक छोटी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी मिळते, तिच्यावर हा नंबर असतो. सेकंड हँडमध्ये ती पट्टी क्वचितच हाती लागते. पण तरबेज माणूस पात्याचे खाच मोजून मूळ मापं काढू शकतो. तो मोजून कापतो की नुसती किल्लीला किल्ली लावून घासतो, हे बघितलं की त्याची पारख होते.

तिसरा प्रकार म्हणजे इंजिन चालू न होणं. तुमचा आजार हाच असावा असा माझा कयास आहे, कारण सर्व्हिस सेंटरने थेट लॉकसेटचं नाव काढलं. इथे डॅशबोर्डवर नजर ठेवा. इग्निशन ऑन केल्यावर किल्लीचं किंवा कुलपासह गाडीचं चित्र असलेला दिवा लागतो आणि क्षणभरात विझायला हवा. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन धरत नाही किंवा धरून दोन सेकंदांत बंद पडतंय, आणि तो दिवा लुकलुकतोय, तर गाडीला चिप वाचता येत नाहीये. स्टार्टरच फिरत नसेल, नुसती टिकटिक होत असेल, तर आधी गाडीची बॅटरी तपासा. बॅटरीच्या दोषापायी किल्ली बदललेले लोक मी पाहिलेत.

चिप वाचता न येण्याची कारणं तीन-चारच. एक म्हणजे किल्लीचं कव्हर बदललेलं असणं. जुनं कव्हर तुटलं की ऑनलाइन दोनशे रुपयांचं नवं मागवतात, आतली सर्किट उचलून त्यात घालतात आणि जुनं कचऱ्यात टाकतात. चिप बऱ्याचदा सर्किटवर नसते. ती कव्हरच्याच एका कोपऱ्यात डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेली असते. मग रिमोट चालतो, पातं फिरतं, आणि गाडी मात्र चालू होत नाही. कधी कुणी चिप आठवणीने काढून नव्या कव्हरमध्ये नुसती टाकून ठेवतो. ती आत घरंगळत राहते आणि कड्याच्या टप्प्यात आली तर गाडी चालू होते, नाही तर नाही. तुमची किल्ली कानाशी धरून हलवा. खुळखुळली तर निम्मं निदान तिथेच झालं. दुसरं कारण, एकाच रिंगमध्ये दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असणं. दोघी एकदम बोलायला लागल्या की गाडीला एकही नीट ऐकू येत नाही. तिसरं, चिपच तडकणं, किल्ली पडल्याने किंवा पाणी गेल्याने. आणि चौथं, किल्ली ठणठणीत आहे पण गाडीतलं ते तारेचं कडं किंवा त्याची वायर खराब झाली आहे.

हे चौथं कारण महत्त्वाचं, कारण हातात एकच किल्ली असताना दोष किल्लीचा की गाडीचा हे घरी ठरवता येत नाही. दोन किल्ल्या असत्या तर दोन्ही लावून बघता आल्या असत्या. तेव्हा सगळ्यात आधी ज्याच्याकडे चिप वाचायचं यंत्र आहे त्याच्या टेबलावर ही किल्ली वाचून घ्या. मिनिटाचं काम आहे. यंत्राला चिप दहापैकी दहा वेळा वाचता आली, तर दोष गाडीत आहे. मग कितीही नव्या किल्ल्या केल्या तरी तुमचा त्रास जाणार नाही. कडं बदलणं हे बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखालचं कव्हर खोलून करायचं छोटं काम असतं.

आता हरवलेल्या किल्लीकडे येऊ. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे हे मोकळेपणाने सांगतो. गणपतीपुळ्याच्या वाळूत पडलेली किल्ली सांगलीतली कोणती गाडी उघडते हे कुणाला कळणार? पण तिला गाडीच्या नंबराची की-चेन होती का? आपल्याकडे ती हौस फार. किंवा किल्ली पर्समध्ये होती आणि पर्समध्ये आरसीची प्रत, आधार कार्डही होतं का? किंवा ती समुद्रावर हरवली अशी नुसती समजूत आहे, आणि प्रत्यक्षात ती तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच पडली असेल? उत्तर ‘हो’ असेल तर धोका खरा आहे, आणि मग सर्व्हिस सेंटरचा लॉकसेटचा आग्रह अगदीच गैर म्हणता येत नाही.

हरवलेल्या किल्लीचेही तेच तीन भाग, आणि प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा. बऱ्याच गाड्यांत नवी किल्ली नोंदवताना जेवढ्या किल्ल्या हजर असतात तेवढ्याच नव्या यादीत घेतल्या जातात आणि बाकीच्या पुसल्या जातात. हरवलेल्या किल्लीची चिप अशी पुसली की तिने गाडी चालू होणार नाही. म्हणूनच नवी किल्ली करायला जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या बरोबर न्यायच्या, नाही तर घरी राहिलेली चांगली किल्लीही बाद व्हायची. काही गाड्यांत रिमोटची यादी चिपच्या यादीपेक्षा वेगळ्या कंप्युटरमध्ये असते. तीही पुसून घ्यावी लागते, नाही तर हरवलेल्या किल्लीच्या बटणाने दारं उघडत राहतात. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण चिपचं काम झालं की कारागीर पेटी आवरायला लागतो. आणि पातं? ते पुसता येत नाही. त्याने दार उघडतच राहणार. पूर्ण निर्धास्त व्हायचं असेल तर कुलपं बदला, किंवा त्यांच्या आतल्या पितळी पत्त्यांची मांडणी बदलून नवं पातं कापून घ्या. हे दुसरं काम लॉकसेटपेक्षा खूप स्वस्तात होतं, पण ते नीट करणारे हात कमी राहिलेत. तुमच्या प्रसंगात, की-चेनवर नंबर नसेल तर, मी चिप आणि रिमोट पुसून थांबलो असतो. गाडीत लॅपटॉप ठेवायची सवय असेल तर गोष्ट निराळी.

मग लॉकसेट कधी घ्यावा? किल्ली तुमच्या घराच्या पत्त्यासकट चोरीला गेली असेल तेव्हा, इग्निशनचं कुलूप स्वतःच संपलं असेल तेव्हा, आणि कंपनी त्या मॉडेलची सुटी किल्ली देतच नसेल तेव्हा. हा शेवटचा प्रकार जुन्या मॉडेलमध्ये आढळतो. सर्व्हिस सेंटरचा माणूस कंप्युटरवर पार्ट नंबर शोधतो, त्याला सुटी किल्ली दिसत नाही, पूर्ण संच दिसतो, आणि तो तेच सांगतो. त्याच्या परीने बरोबरच. तुम्ही त्याला सरळ एवढंच विचारा : ‘हातात एक नोंदलेली किल्ली आहे, तर फक्त दुसरी मागवून नोंदवून द्याल का? नसेल, तर का नाही?’ पुष्कळदा या एका प्रश्नाने वीसचे सात होतात. किल्ली चेसिस नंबरावरून मागवावी लागते, यायला वेळ लागतो, आणि आरसी व ओळखपत्र दाखवावं लागतं.

आता अडीच हजारवाला. त्याला फक्त एक प्रश्न विचारा : ‘क्लोन करणार की प्रोग्रॅम करणार?’

सगळी मेख इथे आहे. क्लोन म्हणजे तुमच्या चिपची ओळख जशीच्या तशी कोऱ्या चिपमध्ये उतरवायची. गाडीला हातही लावावा लागत नाही, टेबलावरच होतं, म्हणून स्वस्त. पण गाडीच्या लेखी ती नवी किल्ली नसतेच. जुनीच आहे असं तिला वाटतं. परिणामी हरवलेली किल्ली यादीत तशीच राहते. पुढे कधी एक क्लोन हरवला आणि तो पुसायला गेलात, तर त्याच्याबरोबर तुमच्या हातातली मूळ किल्लीही पुसली जाते. प्रोग्रॅम म्हणजे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कंप्युटरशी बोलायची जागा) यंत्र जोडून नवी चिप गाडीच्या यादीत स्वतंत्रपणे नोंदवायची. त्यासाठी काही गाड्यांना पिन कोड लागतो (पोस्टाचा नव्हे, त्या गाडीच्या इमोबिलायझरचा गुप्त कोड). क्लोन वाईट असं मी म्हणत नाही. दोन्ही किल्ल्या शाबूत असताना घरात तिसरी जास्तीची हवी असेल तर तो चालतो. तुमच्या बाबतीत तो चुकीचा आहे, कारण तुमची मूळ चिपच संशयित आहे आणि हरवलेली पुसायचीय.

माझ्याकडे तुमच्यासारख्या फ्लिप किल्लीचं पूर्ण काम, म्हणजे पातं मापाने कापणं, रिमोट, चिप, नोंदणी आणि जुनी पुसणं, साधारण तीन ते सहा हजारांच्या दरम्यान बसतं. रिमोट कंपनीचा घेता की बाजारातला, यावर फरक पडतो. नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेतून येणारे बाजारातले रिमोट सरसकट टाकाऊ नसतात. पण टप्पा कमी भरतो, आणि बटणाचं रबर लवकर जातं. ओएलएक्सवरून कुणाची वापरलेली किल्ली मात्र घेऊ नका. अनेक चिपा एकदा एका गाडीला नोंदल्या की तिथेच कायमच्या कुलूपबंद होतात, दुसऱ्या गाडीला त्या लागत नाहीत.

चावीवाला कसा निवडायचा? जो कामाआधी आरसी आणि ओळखपत्र मागतो त्याच्यावर रागवू नका, तोच बरा. यंत्र लावायच्या आधी जो गाडीची बॅटरी तपासतो किंवा चार्जर जोडून ठेवतो, तो जाणता. नोंदणी चालू असताना व्होल्टेज पडलं तर कंप्युटरमधलं काम अर्धवट अडकतं, आणि मग किल्लीचा खर्च कंप्युटरच्या खर्चात बदलतो. काम डोळ्यांदेखत करून घ्या. तुमचा पिन कोड आणि पात्याचा नंबर त्याच्याकडून लिहून घ्या आणि घरी ठेवा, गाडीत नको.

एक जुगाड तुम्हाला कुणी ना कुणी सुचवेलच : चालू चिप काढून स्टिअरिंगच्या कव्हरखाली, कड्याजवळ कायमची चिकटवून टाकायची, मग पन्नास रुपयांच्या साध्या किल्लीनेही गाडी चालू होते. होते खरी. पण मग ती चोरालाही साध्या किल्लीने चालू होते. इमोबिलायझर असून नसल्यासारखा. माझ्याकडे हे काम मागायला येतात, मी करत नाही.

कागदपत्रांचं लोक विसरतात. गाडी चोरीला गेल्यावर दावा करताना विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. तेव्हा ‘एक आधीच हरवली होती’ हे नुसतं तोंडी सांगून भागत नाही, गाडीतच किल्ली राहिली असेल अशी शंका काढतात. म्हणून पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून घ्या. पुणे-मुंबईत पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘लॉस्ट अँड फाउंड’ मध्ये ती घरबसल्या होते. मग विमा कंपनीला मेल टाका आणि नव्या किल्लीचं बिल जपून ठेवा. तुमच्या पॉलिसीत किल्ली बदलण्याचं ऍड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेलं संरक्षण) आहे का तेही बघा. असलं तर बिल करण्याआधी त्यांना कळवा, आणि कोणता पोलीस कागद चालेल ते विचारून घ्या.

या सगळ्यात घाई कशाची असेल तर ती म्हणजे उरलेली किल्ली पूर्ण बंद पडायच्या आत कामाला लागायची. एक चालती किल्ली हातात असताना दुसरी करणं आणि एकही नसताना पहिली करणं यांत फार अंतर आहे. एकही नसली की कारागीर गाडीपाशी न्यावा लागतो किंवा गाडी टोइंगने आणावी लागते, कुलपाची मापं आत उतरून काढावी लागतात, पिन कोड मिळवावा लागतो, आणि काही मॉडेलमध्ये इमोबिलायझरची पेटी खोलून आतली मेमरी वाचावी लागते. खर्च सहज दुप्पट. फोक्सवॅगन, स्कोडासारख्या नव्या गाड्यांत तर त्या गाडीसाठीच कोड केलेली किल्ली कंपनीकडून मागवावी लागते, तोवर गाडी जागची हलत नाही.

तेव्हा तुमचा क्रम असा ठेवा : सेल आणि खुळखुळ बघा, डॅशचा दिवा बघा, चिप टेबलावर वाचून घ्या. दोष किल्लीत निघाला तर दोन नव्या किल्ल्या प्रोग्रॅम करून घ्या, एक नव्हे, कारण यंत्र एकदा लागलेलं असताना दुसरीला फक्त मालाचा खर्च येतो. हरवलेली त्याच बैठकीत पुसून घ्या.

आणि यंत्र लावल्यावर, काहीही पुसायच्या आधी, कारागिराला गाडीत सध्या किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते विचारा. बऱ्याच गाड्यांत तो आकडा स्क्रीनवर दिसतो. तुम्हाला मिळाल्या दोन. तिथे तीन दिसल्या, तर तिसरी आधीच्या मालकाकडे, त्याच्या ड्रायव्हरकडे किंवा गाडी विकणाऱ्या एजंटकडे आहे. सेकंड हँड गाडीत हे मी अनेकदा पाहिलंय. तसं निघालं तर गणपतीपुळ्याच्या किल्लीपेक्षा त्या तिसरीची काळजी जास्त करा, कारण तिच्या मालकाला तुमची गाडी ठाऊक आहे. मग मात्र कुलपातल्या पितळी पत्त्यांची मांडणीही बदलून घ्या, असं मी म्हणेन. दिवा लुकलुकतो की नाही आणि कव्हर कधी बदललं होतं का, हे इथेच कळवा, म्हणजे पुढचं सांगतो.